नव्या प्रोग्रामरने विचारायचं कोणाला?



जून-जुलै आला की पुण्याच्या बिबवेवाडीत ‘कॉट बेसिसवर जागा मिळेल’ अशा पाट्या जागोजागी दिसू लागतात. तिथल्या अप्पर इंदिरानगरला व्हीआयटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, 1983 साली सुरू झालेलं. त्यामुळे शिकणाऱ्या मुलांचा राबता इथे जुनाच. त्यातली कितीतरी मुलं पदवी मिळाल्यावरही इथेच राहतात. मेस तीच, खोली तीच, फक्त गळ्यातलं ओळखपत्र कॉलेजऐवजी सॉफ्टवेअर कंपनीचं. सकाळी हिंजवडी नाहीतर खराडी गाठायची आणि रात्री परत. तिकडे लातूरला, जळगावला घरच्यांनी पेढे वाटलेले असतात, पोरगं मार्गी लागलं म्हणून. पोराच्या पोटात मात्र गोळा आलेला असतो : आपल्याला काहीच येत नाही, आणि आज ना उद्या हे सगळ्यांना कळणार.

पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघी अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये अशा भावनेवर लेख लिहिला. कर्तबगार स्त्रियांनाही आपलं यश खोटं का वाटतं, हा त्यांचा विषय. ‘इम्पोस्टर’, म्हणजे तोतया, हा शब्द तेव्हापासून फार चालला. पण नव्या प्रोग्रामरला तो चिकटवायची घाई करू नये, असं मला वाटतं. त्या बायकांना काम येत होतं. याला खरंच अजून येत नाही. आणि त्यात त्याचा दोष नाही.

कॉलेजात प्रोग्राम शेदोनशे ओळींचा. आपणच लिहिलेला, आपणच चालवलेला. कंपनीत समोर येतात लाखो ओळी. वर्षानुवर्षं अनेकांनी लिहिलेल्या, त्यातले कित्येक नोकरी सोडून गेलेले. समजा, एका पतपुरवठ्याच्या प्रोग्राममध्ये एक अट दिसते : हप्ता पाच तारखेपर्यंत आला तर दंड लावू नये. हप्ता तर एक तारखेला द्यायचा. मग ही पाच कुठून आली? कोडमध्ये उत्तर नाही. कोपऱ्यातल्या टेबलावरच्या बाई सांगतात, ‘अरे, त्या गिऱ्हाइकाकडे पगारच चार तारखेला होतात.’ संपलं! ही एक ओळ शोधायला नवा मुलगा दोन दिवस फायली उपसत बसला असता. हल्ली तो एआयला विचारतो. ती अट काय करते, हे एआय छान समजावून सांगेल. पण पगार चार तारखेला होतो हे कुठे लिहिलेलंच नसेल, तर ते सांगणार कुठून?

पीटर नाऊर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञाने 1985 मध्ये नेमकं हेच मांडलं. प्रोग्राम म्हणजे नुसता लिहिलेला मजकूर नव्हे. तो असा का लिहिला, याची लिहिणाऱ्यांच्या डोक्यातली समज म्हणजे खरा प्रोग्राम. त्याने उदाहरण दिलं ते एका कंपायलरचं, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामचं. एका गटाने तो तयार केला, दुसऱ्या गटाला तो वाढवायचा होता. दुसऱ्या गटाला सगळा कोड दिला, सगळी कागदपत्रं दिली. तरी त्यांनी सुचवलेले बदल मूळ रचनेला धरून नव्हते, आणि पहिल्या गटाच्या ते चटकन लक्षात आलं. बरं, ही दुसऱ्या गटातली माणसं काही नवशिकी नव्हती. तेव्हा बिबवेवाडीतल्या बावीस वर्षांच्या मुलाला पहिल्या महिन्यात धुकं दिसलं, तर नवल ते काय?

एक प्रसंग तर प्रत्येकावर येतो. कोडमधले सगळ्यांचे बदल सांभाळणारी गिट नावाची प्रणाली लिनस टोरवाल्ड्सने 2005 मध्ये लिनक्ससाठी लिहिली. आज ती बहुतेक कंपन्यांत वापरतात. दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली की गिट अडतं. फाइल उघडावी तर मधोमध ‘पेक्षा लहान’ची सात चिन्हं, खाली बरोबरची सात, त्याखाली ‘पेक्षा मोठे’ची सात. नवखा घाबरतो, सगळ्यांचं काम आपण उडवलं! उडालेलं काही नसतं. वरच्या भागात बहुधा आपली ओळ असते, खालच्या भागात दुसऱ्याची. यातली कोणती ठेवू, एवढंच ते यंत्र विचारतं. शेजारच्याने खुर्ची सरकवून हे एकदा दाखवलं की ती भीती कायमची जाते.

पण शेजारच्याला विचारायचं कसं? घोडं इथेच पेंड खातं. सकाळच्या स्टँड-अपमध्ये, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीत, सगळे इंग्रजीत बोलतात. मराठी माध्यमातला मुलगा मनात वाक्य जुळवेपर्यंत पाळी पुढे गेलेली असते. मग ‘वर्किंग ऑन इट’ म्हणून तो सुटका करून घेतो, आणि तेच वाक्य दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. मुलांनो, अर्धा-पाऊण तास स्वतः झटा, मग विचारा. काय करायचं होतं, काय करून पाहिलं, आणि पडद्यावर नेमकं काय आलं, हे तिन्ही लिहून विचारा. एरर पूर्ण द्या, अर्धवट नको. लिहिता लिहिता पुष्कळदा उत्तरच सापडतं. मिळालेलं उत्तर वहीत टिपा. समोरचा मराठी असेल तर खुशाल मराठीत विचारा, कंपायलरला त्याचं काही नाही.

आता दोन शब्द वरिष्ठांना. संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रूक्सने 1975 मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या कामावर आणखी माणसं घातली तर उशीर वाढतो. याचं एक कारण असं की नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो. तो वेळ टाळता येत नाही, तेव्हा तो वेळापत्रकातच धरा. ‘एवढंही येत नाही का?’ हे वाक्य ज्या टेबलावर एकदा ऐकू येतं, तिथे पुन्हा प्रश्न येत नाहीत. चुका येतात, त्याही महिन्याभराने.

आणि गावाकडच्या आईवडिलांना एक विनंती. फोनवर पगाराचं जरूर विचारा, जेवणाचंही विचारा. पण त्याच्या जोडीला एवढंही विचारा की बाळा, अडलं तर तिथे तू विचारतोस कोणाला? उत्तरात एखादं नाव आलं तर निर्धास्त राहा. नाही आलं, तर ते नाव शोधायला सांगा.