दुकानात बसून लिहिलेलं पुस्तक

कोरपन्यातून बचत गटाची समन्वयक बोलते आहे. आज ओळख करून घेऊ बेबीताई कांबळे यांची.

बेबीताईंचा जन्म १९२९ सालचा, पुणे जिल्ह्यातल्या वीरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं. फलटणला संसार. हातात पैसा नव्हता. नवराबायकोनं आधी द्राक्षं विकली, मग भाजी, मग किराणा मांडला. पुड्या बांधायला रद्दी यायची, ती बेबीताई वाचायच्या. वाचता वाचता लिहू लागल्या. गिऱ्हाईक नसलं की वही काढायची, घरच्यांना दिसू नये म्हणून लपवायची. असं वर्षानुवर्षं चाललं. पुढे फलटणच्या अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांनी त्यांना प्रोत्साहन दिलं. १९८२ मध्ये ते लेखन 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं.

त्यात महारवाड्यातली भूक आहे, शिवाशिव आहे. बाबासाहेबांचं ऐकून पोरं शाळेत घालणाऱ्या बाया आहेत. आणि सुनाही आहेत. पहाटे जात्यावर बसणाऱ्या, उपाशी राहणाऱ्या. सासरहून पळालेल्या सुनेच्या पायात लाकडाचा खोडा घालत. गाव आपल्याला दाबतं हे त्यांनी लिहिलंच, पण आपल्याच घरात सून कशी दाबली जाते, हेही झाकलं नाही.

नवरा संशय घेऊन मारायचा, हे मात्र पुस्तकात नाही. ते त्यांनी खूप वर्षांनी मुलाखतीत सांगितलं. त्यांना एकटीचं नाही, समाजाचं दुःख मांडायचं होतं. पुढे त्यांनी निंभोऱ्याला आश्रमशाळा काढली. २०१२ मध्ये त्या गेल्या.

आता आपल्या ठराव वहीकडे बघा. त्यात कर्जाचा आकडा असतो, सही किंवा अंगठा असतो. पण कर्ज घ्यायला कोणी लावलं, पैसा कोणाच्या हाती गेला, हप्ता कोणाच्या मजुरीतून फिटला, हे नसतं. ते लिहिणार कोण?

पुढच्या बैठकीत वसुली झाली की पंधरा मिनिटं ठेवा. एकीनं सांगायचं, लिहिता येतं तिनं लिहायचं. बाईची मर्जी असेल तरच नाव टाकायचं. आणि ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर गेलात, तर तिथल्या पुस्तकांच्या दुकानांत 'जिणं आमुचं' विचारा. गटात एक प्रत असली, तर वाचणारी एक आणि ऐकणाऱ्या सगळ्या.

जय भीम, जय सेवा, नमस्कार.