चौथी पाळी घराची

घुग्घुस येथील कुटुंब मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन



घुग्घुस हे पाळीवर चालणारे गाव आहे. वर्धा नदीच्या काठचे हे गाव कोळशाने नावारूपाला आले, सिमेंट आणि स्पंज आयर्नच्या कारखान्यांनी वाढविले. वैदर्भीय शेतकऱ्याबरोबरच आंध्र-तेलंगणातील, छत्तीसगडमधील, उत्तर प्रदेश-बिहारमधील कामगार येथे आला आणि येथलाच झाला. या साऱ्यांना बांधणारी एक गोष्ट म्हणजे पाळी. पहिली, दुसरी आणि रात्रीची. लग्नाची तारीख, सत्यनारायणाची पूजा, मुलाच्या शाळेतील पालकसभा हे सारे येथे पंचांगाबरोबरच पाळी पाहून ठरते.

या पाळीचा घरावर काय परिणाम होतो, याचा विचार मात्र फारसा होत नाही. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मुले शाळेतून परततात तेव्हा वडील कामावर गेलेले असतात आणि वडील परततात तेव्हा मुले झोपलेली असतात. रात्रपाळीच्या आठवड्यात वडील दिवसा झोपतात आणि सारे घर दबक्या पावलांनी वावरते. घरातील गृहिणी तिन्ही पाळ्यांचे डबे सांभाळते. तिची पाळी मात्र कधी सुटत नाही. मुले दहावी-बारावीला आली की शिकवणीच्या वेळा सुरू होतात आणि पुढे नागपूर-पुण्याची वाट धरतात. कुटुंब तुटते ते भांडणानेच तुटते असे नाही. अनेकदा ते वेळापत्रकाने विरत जाते आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही.

म्हणूनच कुटुंबाने एकत्र केलेली लहानशी सहल आणि घरी एकत्र बसून पाहिलेला एखादा चांगला चित्रपट, हे वरवर किरकोळ वाटणारे विषय प्रत्यक्षात गंभीर आहेत.

मिळालेली सुट्टी कोणाची?

आज रविवार ज्या सहजतेने सुट्टीचा वार मानला जातो, तितक्या सहजतेने तो मिळालेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्यातून एक दिवस विश्रांती मिळावी यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून चळवळ केली, सभा घेतल्या, निवेदने दिली. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. स्वतंत्र भारतात १९५२ च्या खाण कायद्याने खाणीतील कोणाही कामगाराला आठवड्यात सहा दिवसांहून अधिक काम देऊ नये, असा दंडक घातला. भूमिगत काम करणाऱ्याला कामाच्या दर पंधरा दिवसांमागे एक दिवस पगारी रजेचा हक्क त्याच कायद्याने दिला. प्रवास सवलतीच्या तरतुदी कोळसा कामगारांच्या वेतन करारांतून आल्या.

विश्रांती ही मालकाची कृपा नसून माणसाची गरज आहे, हे मान्य व्हायला अशी वर्षे लागली. पण एवढ्या प्रयत्नांनी मिळविलेला सुट्टीचा दिवस आज कसा जातो? वडील झोप पुरी करतात, मुलगा मोबाईलवर असतो, मुलगी शिकवणीला असते आणि आई आठवड्याचे राहिलेले धुणे काढते. एकाच खोलीत चार माणसे आणि चार निरनिराळे पडदे असतात. सुट्टी सर्वांना मिळते, घराला मिळत नाही.

तेव्हा तीन पाळ्यांच्या या गावात प्रत्येक कुटुंबाने चौथी पाळी ठरवावी. ती घराची पाळी असेल. तिचीही हजेरी लागावी आणि तिलाही दांडी मारू नये.

सहल आपल्याला नवी नाही

सहल म्हटले की महाबळेश्वर, गोवा, सिमला ही नावे आणि त्यामागोमाग खर्चाचा आकडा डोळ्यांपुढे येतो, आणि बेत तेथेच बारगळतो. वास्तविक एका दिवसाची सहल या प्रदेशाच्या जीवनरीतीतच आहे. कार्तिक महिन्यातील आवळीभोजन म्हणजे दुसरे काय? घरच्यांनी डबे बांधून आवळ्याच्या झाडाखाली जायचे, पंगत मांडायची आणि संध्याकाळी परतायचे. शेतात किंवा मारुतीच्या देवळापाशी गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी, हा वैदर्भीय बेत ज्याने जेवला त्याला सहलीची व्याख्या सांगावी लागत नाही. जुन्या पिढीने या प्रथांना धर्माची जोड दिली; त्यामुळे त्या टळत नसत.

घुग्घुसच्या कुटुंबाला दूर जाण्याचेही कारण नाही. जवळच वढा येथे वर्धा आणि पैनगंगा यांचा संगम आहे. विठ्ठल-रुक्मिणीच्या मंदिरामुळे आणि कार्तिकातील यात्रेमुळे हे स्थान पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. ज्या वर्धेचे पाणी रोज आपण वापरतो, तिला दुसरी नदी कोठे भेटते हे येथील किती मुलांनी पाहिले असेल? भद्रावतीला एकाच दिवसात भद्रनागाचे मंदिर, विजासनची बौद्ध लेणी आणि पार्श्वनाथाचे जैन तीर्थ पाहता येते. या भूमीतील तीन परंपरा एका गावात शेजारी कशा नांदल्या, हे त्या एका फेरीत मुलांना जितके समजेल तितके पाठ्यपुस्तकातून समजणार नाही.

चंद्रपूर तर नेहमीच्या बाजारहाटाचे शहर. पण जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर या वेशी घाईने ओलांडणे वेगळे आणि गोंड राजांच्या परकोटाजवळ थांबून तो पाहणे वेगळे. झाडाझुडपांनी आणि कचऱ्याने वेढलेल्या या परकोटाची स्वच्छता इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ मध्ये हाती घेतली. राणी हिराईने पती बीरशाहच्या स्मरणार्थ बांधलेली समाधी आणि महाकालीचे मंदिर पाहताना एका कर्तबगार राणीची कथा मुलींना सांगावी. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. राज्यातील ते सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान होय. देशोदेशीचे पर्यटक तेथे येतात. वाघ दिसला तरच सहल सफल झाली, हा हट्ट मात्र सोडावा. मोहाची झाडे, बांबूची बेटे, तळ्याकाठची शांतता आणि ज्याच्या नावाने हे जंगल ओळखले जाते त्या तारुदेवाची कथा, एवढी शिदोरीही पुष्कळ आहे.

एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे ऋतू. या जिल्ह्यातील उन्हाळा देशातील प्रखर उन्हाळ्यांपैकी एक आहे. वैशाखात लेकराबाळांना घेऊन दुपारी बाहेर पडण्यात शहाणपण नाही. कार्तिक ते माघ हे सहलीचे महिने. चैत्र-वैशाख हे घरच्या चित्रपटाचे.

एका सहलीने काय घडविले

सहलीचे महत्त्व सांगणारे सर्वांत मोठे उदाहरण या वनप्रदेशातच घडले आहे. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात कुष्ठरुग्णांचे कार्य उभे करणाऱ्या बाबा आमटे यांनी आपल्या मुलांना भामरागडच्या जंगलात सहलीला नेले होते. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांच्या संगमाचा तो परिसर अप्रतिम आहे. तेथे त्या कुटुंबाने निसर्गाबरोबरच माडिया बांधवांचे अन्नवस्त्राला आणि औषधाला पारखे झालेले जीवन पाहिले. या लोकांसाठी येथे काम उभे करावे, ही इच्छा बाबांनी बोलून दाखविली आणि त्यांचे वैद्यकीय शिक्षण घेत असलेले पुत्र प्रकाश यांनी ते काम अंगावर घेतले. २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना २००८ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

प्रत्येक सहलीतून असे प्रकल्प निघणार नाहीत, आणि निघावेत अशी अपेक्षाही नाही. पण वडील कशाने हेलावतात, हे मुलांना त्या दिवशी दिसले. घरात उपदेश ऐकणाऱ्या मुलाला वडिलांचे मन सहसा दिसत नाही. वाटेत, झाडाखाली, नदीच्या काठावर ते दिसते. संस्कार म्हणतात तो याच वाटेने होतो.

पडदा घरातला, प्रेक्षक एकत्र

आता चित्रपटाविषयी. चित्रपटाने मुले बिघडतात, ही तक्रार जुनी आहे आणि ती सर्वस्वी खोटीही नाही. परंतु भारतीय परंपरेने दृश्य कलेकडे कधीही तुच्छतेने पाहिलेले नाही. दुःखाने, श्रमाने आणि शोकाने पीडलेल्या माणसांना नाट्य विश्रांती देईल, असे भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे. श्रमाने थकलेल्यांचा त्यात स्वतंत्र उल्लेख आहे, हे घुग्घुसच्या श्रोत्यांनी लक्षात घ्यावे. कालिदासाच्या शाकुंतलाची अखेर मारीच ऋषींच्या आश्रमात होते आणि तेथे ताटातूट झालेले पती, पत्नी व पुत्र एकत्र येतात. शेवटी कुटुंब एकत्र येणे ही आपल्या रसिकतेची जुनी आवड आहे. आजच्या भाषेत ज्याला मन प्रसन्न करणारा चित्रपट म्हणतात, तो याच आवडीचा वारस आहे.

भारतीय चित्रपटाचा जन्मही एका कुटुंबाच्या कष्टांतूनच झाला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात झळकला. त्यासाठी सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले, फिल्मला छिद्रे पाडण्याचे काम शिकून घेतले, चित्रपटात काम करणाऱ्यांचा स्वयंपाक सांभाळला. पुत्र भालचंद्र याने रोहिदासाची भूमिका केली. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या चित्रपटात ही धडपड हसतखेळत पाहता येते.

एकत्र पाहण्याची सवयही आपल्याला होती. जानेवारी १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा ज्या घरी दूरदर्शन संच असे त्या घरी आळीतील सारी मंडळी रविवारी सकाळी जमत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात तीच मालिका पुन्हा दाखविण्यात आली आणि आजी-आजोबांच्या शेजारी नातवंडे बसली. संच तोच, घर तेच. एक वेळ सर्वांनी मान्य केली एवढाच काय तो फरक. आज वाटेल तो चित्रपट वाटेल तेव्हा पाहता येतो. म्हणूनच ठरलेली वेळ आता कोणी बाहेरून देणार नाही, ती घरानेच ठरवावी लागेल.

काय पाहावे? डॉ. आमटे दाम्पत्याच्या जीवनावर समृद्धी पोरे यांनी २०१४ मध्ये चित्रपट केला. आपल्याच शेजारच्या जंगलाची कथा म्हणून तो प्रथम पाहावा. त्याच वर्षीच्या ‘एलिझाबेथ एकादशी’मध्ये कर्जाच्या ओझ्यामुळे आईवर मुलांची लाडकी सायकल विकण्याची वेळ येते आणि ती वाचविण्यासाठी मुले पंढरपूरच्या यात्रेत बांगड्यांचे दुकान मांडतात. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ (१९५३) डोळ्यांत पाणी आणतो, पण मन स्वच्छ करून जातो. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बावर्ची’मधील (१९७२) भांडकुदळ एकत्र कुटुंब पाहताना अनेकांना आपलेच घर आठवेल.

चित्रपट संपल्याबरोबर उठून जाऊ नये. पंधरा मिनिटे बोलावे. सायकलीची गोष्ट पाहून मुलांना विचारावे: घरात पैशाची अडचण आली तर ती तुम्हाला सांगावी की लपवावी? हप्त्यांवर चालणाऱ्या कितीतरी घरांत हा प्रश्न कधी उच्चारलाच जात नाही. मुलांना अडचण ठाऊक असते, ठाऊक असल्याचे ती दाखवीत नाहीत. आईवडीलही अजाण असल्याचे सोंग करतात. पडद्यावरच्या पात्राच्या आडून हे बोलणे सोपे जाते. चित्रपटाचा खरा उपयोग त्या पंधरा मिनिटांत आहे.

गृहिणीचे काय?

येथे एक स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. पहाटे चारला उठून जिने पुऱ्या लाटल्या, सहलीत जिने वाढले आणि घरी परतल्यावर जिने भांडी घासली, तिची सहल झालीच नाही. तिचे काम फक्त दुसऱ्या गावी गेले. चित्रपट पाहतानाही चहा, भजी आणि ‘एक पाणी दे’ यांत जिचा निम्मा चित्रपट स्वयंपाकघरातच संपतो, तिने काय पाहिले? चौथी पाळी घराची असेल तर तिच्यातील कामाची वाटणीही घराची असली पाहिजे. रोडगे भाजण्यात या प्रदेशातील पुरुष पूर्वीपासून तरबेज आहेत. शेतात जे हात आरावर चालतात, ते घरच्या ओट्यापाशी का थांबावेत? त्या दिवशी खिचडी वडिलांनी लावावी, ताटे मुलांनी घ्यावीत. मुलगा हे पाहतो आणि पुढे आपल्या संसारात नेतो. कुटुंबव्यवस्थेचा गौरव भाषणांतून पुष्कळ होतो. तो स्वयंपाकघरात दिसला तरच टिकेल.

हे सारे चैन आहे, असेही कोणी म्हणेल. संगमावर जाण्यास एसटीचे भाडे आणि घरचा डबा पुरतो. चित्रपटाला तेवढाही खर्च नाही. खर्च होतो तो वेळेचा, आणि वेळ काढण्यासाठी मन काढावे लागते. मुले घरी असण्याची वर्षे मोजकीच आहेत. बारावीनंतर मुलगा बाहेरगावी गेला की तो घरी येतो तो पाहुण्यासारखा. तेव्हा वडिलांची पाळी बदलून काही उपयोग नसतो.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने पुढील महिन्याच्या पाळीचे वेळापत्रक हाती येताच ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेशेजारी ठेवावे. त्यात घराचा एक दिवस आणि घराच्या दोन संध्याकाळी शोधाव्यात, त्यांवर खूण करावी. कोठे जायचे हे एका महिन्यात आजोबांनी ठरवावे, दुसऱ्या महिन्यात धाकट्या मुलीने. त्या वेळी सर्वांचे मोबाईल एका टोपलीत ठेवावेत, आणि वडिलांचा मोबाईल त्यात सर्वांत आधी पडावा.