करवंटीतले दाणापाणी



भोपाळ शहराच्या शाहपुरा भागात एक मोठा तलाव आहे. पाणपक्ष्यांचा निर्वाह त्यावर होतो. परंतु काठावरच्या वसाहतींतील चिमणी, साळुंकी व बुलबुल यांची सोय केवळ तलावाने होत नाही. कौलारू घराला वळचण असे, अंगणात धान्य पाखडले जाई. सिमेंटच्या घराला फट नाही आणि दाणे दुकानातून निवडूनच येतात. त्यात वैशाखात पारा 40 अंशांच्या वर जातो. महाराष्ट्रातील नगरांची, आणि आता मोठ्या गावांचीही, स्थिती याहून वेगळी नाही.

डॉ. सालिम अली यांच्या बालपणीचा प्रसंग प्रसिद्ध आहे. छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ती कोणती, हे विचारण्यासाठी तो मुलगा मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. पुढे भोपाळ संस्थानातील पक्ष्यांची पाहणीही त्यांनीच केली. आजच्या मुलाला तेच कुतूहल बंदुकीविना लाभू शकते. नारळाची एक करवंटी त्यास पुरेशी आहे.

करवंटीचा काठ खरखरीत कागदाने घासून घ्यावा. काठाशी समान अंतरावर तीन भोके व तळाशी पाणी निथळण्यास एक बारीक भोक पाडावे. हे काम मोठ्या माणसाने करावे. उरलेले सर्व मुलांवर सोपवावे. तीन भोकांत सुतळी ओवून करवंटी मांजराची झेप पोहोचणार नाही अशा फांदीला टांगावी. खिडकीची मोठी काच समोर नसावी, पक्षी तीवर आदळतात. आत बाजरी, ज्वारी किंवा तांदळाची कणी, तीही दिवसभरात संपेल इतकीच घालावी. खारे शेंगदाणे, फरसाण, भिजलेला पाव कटाक्षाने टाळावा. ममता पुष्कळदा फरसाणाच्या रूपाने प्रकट होते, म्हणून हे सांगणे भाग आहे.

स्वच्छतेकडे मात्र सर्वांत अधिक लक्ष हवे. ब्रिटनमध्ये 2005 पासून ट्रायकोमोनोसिस या रोगाने ग्रीनफिंच पक्षी मोठ्या संख्येने मेले. दाण्यापाण्याच्या जागी पक्षी एकत्र येतात, तेथेच असा रोग पसरतो. यास्तव करवंटी दर आठवड्यास कढत पाण्याने धुऊन उन्हात वाळवावी आणि मुलांनी नंतर साबणाने हात धुवावेत. शेजारी दोन इंच खोलीचे मातीचे पसरट भांडे पाण्याने भरून ठेवावे. त्यातील पाणी रोज बदलावे, अन्यथा चिमण्यांऐवजी डासांचीच सोय होईल.

आणखी एक गोष्ट. चिमणी स्वतः दाणे टिपते, पण पिलांना अळ्या व किडे भरवते. दारी करवंटी टांगायची आणि कुंपणाच्या झुडपांवर कीटकनाशक फवारायचे, याने पिले उपाशीच राहणार. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने 2010 पासून 20 मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो. त्या दिवशी शाळांत उत्साह असतो. परंतु लगेच एप्रिलअखेर सुटी लागते, आणि पक्ष्यांना पाण्याची निकड असते ती मे महिन्यात. तेव्हा कोणत्या आठवड्यात कोण येऊन दाणापाणी घालणार, त्या मुलांची नावे गुरुजींनी सुटीपूर्वीच फळ्यावर लिहून ठेवावीत. शाळेच्या फाटकाची किल्ली कोणाकडे राहील, हेही त्याच दिवशी ठरवावे.