घाम तोच, मजुरी निराळी



गावोगाव आम्ही वर्ग घेतो. तिथे एक बोलणे हमखास कानी पडते. "राबणाऱ्याला काय कमी? आळशी असतो तोच गरीब राहतो." असे म्हणणारा बहुधा ओट्यावर बसलेला असतो, ते असो. पण हे बोलणे खरे आहे का, ते आज पाहू.

माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. साताऱ्याकडचे कितीतरी गडी मुंबईला गेले आणि माथाडी झाले. शंभर किलोचे पोते पाठीवर घ्यायचे, फळीवरून चढायचे, थप्पी लावायची. दिवसभर हेच. याहून जास्त मेहनत ती कोणती? तरी हाती काय यायचं? मजुरी मुकादमाच्या हातून मिळे. व्यापारी म्हणे, हा माझा नोकर नाही. मुकादम म्हणे, मी तरी कुठला मालक? पाठ मोडली तर औषध नाही. म्हातारपणी पै नाही. नाव कुठे लिहिलेलंच नाही, मग मागणार कुणापाशी?

एखाद्याने दहा पोती जास्त उचलली, तर त्या दिवशी चार पैसे जास्त मिळत, हे खरं. पण दर काही वाढत नसे. शरीर मात्र लवकर थके.

मग बदल झाला कसा? पुण्यात डॉक्टर बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केले. ते पाटण तालुक्यातले, स्वतः माथाडीचे काम केलेले. लोक एकजुटीने उभे राहिले, आणि 1969 साली महाराष्ट्रात माथाडी-हमालांसाठी कायदा झाला.

त्या कायद्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. एक मंडळ असते. त्यावर मालकांची, कामगारांची आणि सरकारची माणसे बसतात. हमालाचे नाव मंडळात नोंदवायचे, व्यापाऱ्याचेही नोंदवायचे. व्यापारी मजुरी मंडळात भरतो. वर लेव्ही म्हणून आणखी रक्कम भरतो. मजुरी मंडळाकडून कामगाराला मिळते. लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, औषधपाणी. पोते तेच, पाठही तीच. नाव तेवढे वहीत चढले!

सगळीकडे असे झाले, असे आम्ही म्हणत नाही. कित्येक हमाल अजून नोंदीवाचून राबतात. ऊसतोडीला जाणाऱ्या कित्येक जोडप्यांचा तर मुकादमाची उचल फेडता फेडताच हंगाम सरतो. त्यांच्याइतकं राबतं कोण?

तुमच्यापैकी कुणी मार्केट यार्डात हमालीला जात असेल, तर माथाडी मंडळाच्या कचेरीत जाऊन विचारा. आमच्या टोळीची नोंद आहे का? आमची लेव्ही भरली जाते का? आता तुम्हाला अक्षर येतं. मजुरीची चिठ्ठी मागून घ्या, आकडा स्वतः वाचा. आणि एकट्याने जाऊ नका, सगळी टोळी मिळून जा. एकट्याला "उद्यापासून येऊ नको" म्हणायला मुकादमाला कितीसा वेळ लागतो?