देऊळ सगळ्यांचं, फोटो कुणाचा?

न विचारता फोटो वापरणाऱ्याला जाब विचारला, की एक उत्तर हमखास येतं, "अहो, गूगलवरून घेतला!" जणू गूगल म्हणजे गायरान, कुणीही यावं आणि चारा न्यावा.

माझाच अनुभव सांगतो. म्हैसूर जिल्ह्यात कावेरीच्या काठी तलकाड आहे. गंगांची ही राजधानी. होयसळ विष्णुवर्धनानं चोळांवरच्या विजयानंतर उभारलेलं कीर्तिनारायणाचं देऊळही इथलंच. जुनं गाव वाळूखाली गेलेलं, त्यामुळे देवळांकडे वाळू तुडवतच जावं लागतं. डिसेंबर 2020 मध्ये तिथं पंचलिंगदर्शन झालं. त्याआधीचं होतं 2013 साली. म्हणजे तेव्हा हुकलं, की फोटोवाल्यानं पुढची किती वर्षं वाट बघायची!

कोरोनाचे निर्बंध होते, तरी गेलो. एक चांगला फोटो मिळाला. काही महिन्यांनी एका यात्रा कंपनीच्या ऑनलाइन जाहिरातीत तोच दिसला. कोपऱ्यातलं माझं नाव कापलेलं, त्या जागी त्यांचा फोन नंबर. मी फोन केला. आधी ते गूगलचं झालं, मग म्हणाले, "देऊळ काय तुमच्या मालकीचं आहे का?"

प्रश्न चांगला आहे हो. देऊळ माझं नाहीच. उद्या तुम्ही त्याच जागी, त्याच उन्हात उभं राहून तसाच फोटो काढलात, तर मी काही म्हणू शकत नाही. पण मी काढलेला फोटो माझा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणारा हाच त्याचा कर्ता. हक्कासाठी नोंदणीची सक्ती नाही. पूर्वी मुदत प्रकाशनापासून 60 वर्षं होती. 2012 च्या दुरुस्तीनंतर ती फोटोग्राफरची हयात आणि पुढे 60 वर्षं झाली. त्याच दुरुस्तीत कलम 65-ब आलं. फोटोवरची नाव-मालकीची माहिती जाणूनबुजून काढून टाकणं हा वेगळा गुन्हा ठरला, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ‘ह्यूमन्स ऑफ बॉम्बे’चं प्रकरण गाजलं. माणसांच्या गोष्टी सांगण्याच्या कल्पनेवर कुणाची मक्तेदारी नाही, पण एकमेकांचे स्वतःचे फोटो आणि मजकूर उचलायचे नाहीत, असा त्या आदेशाचा सूर होता. विषय मोकळा, कृती मालकीची. तलकाडच्या देवळाचं तेच.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या मित्रांनो, तुमचं गणित मात्र उलटं आहे, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक ग्राहक असतो, तसा वेगळा करार नसेल तर. तेव्हा हक्क स्वतःकडे हवा असेल, तर ॲडव्हान्स घेतानाच दोन ओळी लिहून सही घ्या. तोंडी बोलणं कामाचं नाही.

तर, मी काय केलं? भांडत बसलो नाही. जाहिरातीचा तारीख-पत्ता दिसेल असा स्क्रीनशॉट घेतला. कॅमेऱ्यातली मूळ रॉ फाइल होतीच. ती हातची घालवू नका, दुसऱ्या कुणाकडे ती असूच शकत नाही. मग जिथं जाहिरात होती, त्या संकेतस्थळाकडे लेखी तक्रार केली. 2013 च्या नियमांत यासाठी 36 तासांची मुदत आहे. तक्रार पटली तर मजकूर 21 दिवस बंद ठेवायचा. तेवढ्यात कोर्टाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा सुरू होऊ शकतो, हेही ध्यानात असू द्या. माझ्या बाबतीत जाहिरात उतरली ती उतरलीच.

मग बिल पाठवलं. बरीच घासाघीस झाली, निम्मे पैसे आले. कंपनीचे मालक म्हणाले, "ही आमच्याकडून तुमच्या कलेला भेट समजा." मी पावती लिहिली, ‘फोटोच्या तीन महिन्यांच्या वापराचं शुल्क’. खाली त्यांची सही घेतली.