मुलांच्या कोपराचे अस्थिभंग : पहिल्या काही तासांचे मोल
(वार्षिक स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मे महिन्याची सुट्टी लागली, झाडांवर कैऱ्या लगडल्या, की आमच्या अस्थिरोग विभागात एक परिचित दृश्य दिसू लागते. ५ ते ७ वर्षांचे मूल, पडताना पुढे टेकलेला हात, सुजलेले कोपर आणि भेदरलेली आई. यांतील बहुतेक मुलांचे दंडाचे हाड कोपराच्या किंचित वर, जेथे ते पातळ असते, तेथे मोडलेले असते.

एक्स-रे पाहण्यापूर्वी आम्ही हात पाहतो. मनगटाची नाडी लागते का, बोटे उबदार व गुलाबी आहेत का, अंगठा व तर्जनी जुळवून मुलाला गोल कडे करता येते का, हे तपासतो. कारण कोपरापुढून मुख्य रक्तवाहिनी व मज्जातंतू जातात. सरकलेल्या हाडाचे टोक त्यांना इजा करू शकते.

उपचारांची दिशा गार्टलँड यांनी १९५९ साली मांडलेल्या ३ प्रकारांवरून ठरते. हाड जागचे हलले नसेल, तर सुमारे ३ आठवड्यांचे प्लास्टर पुरते. ते पूर्ण सरकले असेल, तर भूल देऊन, सी-आर्मच्या पडद्यावर पाहत, बहुधा चिरफाड न करता ते बसवतात व बारीक तारांनी स्थिर करतात. ३-४ आठवड्यांनी तारा काढतात.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा आमच्याकडे तिसऱ्या दिवशी आला. कोपर चोळून त्यावर कामट्यांची घट्ट पट्टी बांधलेली होती. वेदना वाढतच होत्या. 'लहान आहे, रडणारच' असे घरच्यांना वाटले. पट्टी सोडली तेव्हा स्नायूंचा रक्तपुरवठा खंडित होऊन फार वेळ लोटला होता. हाड जुळले, बोटे मात्र कायमची आखडली. फोल्कमान यांनी १८८१ साली वर्णिलेली ही विकृती आम्ही परतवू शकलो नाही. त्या मातेला दोष कसा द्यावा? जे जवळ होते आणि परवडणारे होते, तेच तिने केले.

म्हणून पालकांना विनंती : कोपर चोळू नका, ओढू नका. आहे त्या स्थितीत हलका आधार देऊन मुलाला त्वरित आणा. भूल द्यावी लागण्याचा संभव असल्याने वाटेत काही खायला देऊ नका. प्लास्टरनंतर वेदना वाढल्या, बोटे गार वा बधिर झाली, तर सकाळची वाट पाहू नका. प्लास्टर निघाल्यावर मालीश नको. खेळता खेळता कोपर मोकळे होते.

आणि देणगीदारहो, मध्यरात्री आलेल्या मुलासाठी भूलतज्ज्ञ व सी-आर्म सज्ज असावेत, पैशांअभावी कोणाचाही हात थांबून राहू नये, यासाठीच आपले दान आहे. त्या मुलाचे ऋण आपण सर्वांनी मिळून असेच फेडायचे आहे.