श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम आणि आपला जमाखर्च
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील प्रशासन विभागाचे मनोगत)



अहवालवर्षाचा हिशेब आपल्या हाती आहेच. त्यातील आकड्यांची पुनरुक्ती टाळून, ज्या सेवेला त्या हिशेबात अद्याप स्वतंत्र शीर्षक मिळालेले नाही, तिच्याविषयी चार शब्द बोलण्याची अनुमती आम्ही घेत आहोत.

मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू व मज्जारज्जूचा विकार आहे. पॅरिसच्या शार्को यांनी 1868 मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. या विकारात शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरील मायलिनच्या आवरणावर उलटते. विजेच्या तारेवरील रबर झिजावे तसे घडते आणि मेंदूचे संदेश वाटेतच अडखळतात. बहुधा विशी ते चाळिशीच्या वयात, म्हणजे संसाराचा भार खांद्यावर असतानाच, तो सुरू होतो. आपल्या भागात कोणी त्याला अशक्तपणा म्हणतो, कोणी अंगावरून वारे गेले म्हणतो. निदानासाठी राजूर घाट चढून बुलढाण्यास जावे लागते, नाही तर मलकापूरहून रेल्वेने अकोला, जळगाव किंवा नागपूर गाठावे लागते. असे रुग्ण आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच येतात. परंतु येतात ते वर्षानुवर्षे.

पाय अडखळतात ते सर्वांना दिसते. छातीचे दुखणे मात्र उशिरा लक्षात येते. श्वासपटल आणि बरगड्यांमधील स्नायूंनाही तोच अशक्तपणा ग्रासतो. प्रथम आवाज बारीक होतो, पुढे खोकला क्षीण होतो. कफ बाहेर पडेनासा झाला की साधी सर्दीही न्यूमोनियापर्यंत जाऊ शकते. विकार फार वाढलेल्या रुग्णांच्या मृत्यूचे ते एक प्रमुख कारण आहे. म्हणून खोकल्याचे बळ ही आमच्या मते क्षुल्लक बाब नव्हे.

स्नायू म्हटला की त्याला व्यायाम देता येतो. यासाठी तळहातावर मावेल असे एक साधन मिळते. त्यात स्प्रिंगची झडप असते. ठरावीक दाबाने हवा ओढल्याखेरीज ती उघडत नाही. फिजिओथेरपिस्ट रुग्णाची ताकद मोजून भार ठरवतात व हळूहळू वाढवतात. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. कोविडच्या 2020-21 च्या काळात घरोघरी आलेले तीन चेंडूंचे साधन ते हे नव्हे. चेंडूंवरून ओढलेल्या हवेचा वेग कळतो, दीर्घ श्वासाची सवयही लागते. मात्र स्नायूवर मोजून भार त्यातून पडत नाही. 'आमच्याकडे ते आहेच' असे सांगणाऱ्या नातेवाइकांना हे समजावण्यात विभागाचा बराच वेळ जातो.

या व्यायामाने किती लाभ होतो? आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे प्रश्न सरळ विचारतो. 2017 मध्ये कॉक्रेन या संस्थेने सहा चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध केला. त्यात एकूण 195 रुग्ण होते. श्वास आत ओढण्याच्या व्यायामाने त्या स्नायूंची ताकद वाढल्याचे आढळले. श्वास सोडण्याच्या व्यायामाचा तसा लाभ सिद्ध झाला नाही. जीवनमान सुधारल्याचे दिसले नाही, आणि पुरावा एकंदरीत दुर्बल होता. तेव्हा हा व्यायाम विकार बरा करतो असे आपल्या फलकावर कदापि लिहिले जाऊ नये. औषधोपचारांसोबत, डॉक्टरांच्या सल्ल्याने करावयाचा हा पूरक व्यायाम आहे. एवढेच, पण तेवढे निश्चित.

घाटाखालच्या आपल्या गावाचा उन्हाळाही विचारात घ्यावा लागतो. उष्म्याने या रुग्णांची लक्षणे तात्पुरती बळावतात. एप्रिल-मे महिन्यांत त्यांना दुपारच्या बाह्यरुग्ण विभागात ताटकळत बसवणे म्हणजे आलेली ताकदही घालवणे होय. यांची वेळ सकाळीच असावी, अशी विनंती आहे.

आता खर्चाविषयी. साधन एकदाच घ्यावे लागते. तोंडात धरावयाची नळी मात्र प्रत्येकाची स्वतंत्र हवी. खरा खर्च आहे तो फिजिओथेरपिस्टच्या वेळेचा, कारण भार दर आठवड्याला तपासावा लागतो आणि व्यायाम कित्येक आठवडे चालतो. देणगीदारांचा आम्ही आदरच करतो. तथापि यंत्रावर नाव कोरता येते, अर्ध्या तासावर कोरता येत नाही, हीच अडचण आहे. धर्मादाय रुग्णालयांसाठी 2006 पासून लागू झालेल्या योजनेत 10 टक्के खाटा निर्धन व 10 टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखावयाच्या असतात. हा रुग्ण खाट अडवत नाही. साहजिकच खाटांच्या तक्त्यात तो कोठेच दिसत नाही.

2016 च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने या विकाराचा समावेश दिव्यांगत्वाच्या प्रकारांत केला आहे. 40 टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास विविध सवलतींसाठी अर्ज करता येतो. त्याचे कागद भरून देण्याचे काम आपले कार्यालय विनामूल्य करील. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था 1985 पासून या रुग्णांसाठी कार्य करीत आहे; तिची माहितीही रुग्णांना खिडकीवरच दिली जावी.

सभेपुढे प्रस्ताव असा आहे : आगामी अंदाजपत्रकात 'श्वसन व्यायाम' हे स्वतंत्र शीर्षक उघडावे, त्यात फिजिओथेरपिस्टचा आठवड्यातील दोन सकाळींचा वेळ व नळ्यांचा खर्च धरावा, आणि व्यायामापूर्वीचे व नंतरचे मोजमाप प्रत्येक रुग्णाच्या कागदावर नोंदवावे. वर्षअखेरीस तेच आकडे, जसे असतील तसे, आम्ही याच सभेपुढे ठेवू.